डोंगराळ खोऱ्यातला पाऊस मोजताना : गोदावरीच्या उगमाकडील नवख्या नोंदकर्त्यांसाठी

नाशिक शहरात दिवसभर नुसती भुरभुर चालू असते आणि संध्याकाळी गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवल्याची बातमी येते. शहरातल्या माणसाला याचे नवल वाटते; त्र्यंबकेश्वरच्या माणसाला वाटत नाही, कारण त्याच्याकडे दोन दिवसांपासून झड लागलेली असते. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, नाशिक शहरात साधारण सातशे, आणि सिन्नर-येवल्याच्या पट्ट्यात त्याहूनही कमी. इगतपुरी ते नाशिक हे अंतर पन्नास किलोमीटरही नाही. अशा खोऱ्यात ‘यंदा नाशिकला किती पाऊस झाला’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच येथे पाऊस मोजू पाहणाऱ्याने साधनाइतकाच जागेचा विचार करायला हवा.

हा लेख शाळेत पर्जन्यमापक बसवू इच्छिणारे शिक्षक, मळ्यात नोंद ठेवू पाहणारे शेतकरी, भूगोलाचे विद्यार्थी आणि डोंगरात नियमित जाणारे गिर्यारोहक यांच्यासाठी आहे. शेवटच्या गटातील काही जण हिमालयातही जातात, त्यांच्यासाठी हिमवृष्टीच्या मोजणीचा भागही दिला आहे. शासनाची केंद्रे असताना आपण का मोजावे, असे कोणी विचारेल. ही केंद्रे रस्ता पोहोचतो, माणूस राहतो आणि यंत्राची देखभाल करता येते अशाच ठिकाणी उभी राहतात. घाटमाथ्यावर, जिथे खोऱ्यातला सर्वांत जोराचा पाऊस पडतो, तिथे ती विरळ असतात. भारतीय मानकानुसार सपाट प्रदेशात साधारण ५२० चौरस किलोमीटरला एक पर्जन्यमापक चालतो, पण जास्त पावसाच्या डोंगराळ भागात तो १३० चौरस किलोमीटरला एक असावा लागतो. नाशिक शहरात आणखी दहा पर्जन्यमापक लागले तर माहितीत फारशी भर पडणार नाही; त्र्यंबकच्या वरच्या वाड्यांमध्ये दोन लागले तर पडेल.

साधन निवडताना

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर सपाट जागेवर पडलेले एक लिटर पाणी. एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे हिशेब आपोआप जुळतात. पर्जन्यमापक हे या तत्त्वावर चालणारे साधे भांडे आहे: वर ठरावीक क्षेत्रफळाचे, धारदार कडेचे नरसाळे, खाली पाणी साठवणारी बाटली, आणि पाणी मोजण्यासाठी खुणा असलेले काचेचे मोजपात्र.

भारतात प्रमाण मानला जाणारा पर्जन्यमापक काचतंतूचा असतो आणि त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० किंवा १०० चौरस सेंटिमीटर असते. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडात एका मिलिमीटरला २० मिलिलिटर पाणी जमते, १०० च्या तोंडात १० मिलिलिटर. मोजपात्रेही त्याप्रमाणे दोन प्रकारची असतात, आणि नेमकी इथेच सर्वांत जास्त गफलत होते. एका तोंडाचे मापक आणि दुसऱ्याचे मोजपात्र अशी जोडी जमली, तर वर्षभराचा पाऊस दुप्पट किंवा निम्मा नोंदला जातो आणि आकडे दिसायला अगदी व्यवस्थित असतात. त्यामुळे खरेदी करतानाच नरसाळ्याचा व्यास फूटपट्टीने मोजून घ्यावा: सुमारे १६ सेंटिमीटर असेल तर ते २०० चे तोंड, सव्वाअकरा-साडेअकरा असेल तर १०० चे.

बाटलीचा आकार गावानुसार ठरवावा. २०० चौरस सेंटिमीटरच्या तोंडाखाली दोन लिटरची बाटली ठेवली तर ती १०० मिलिमीटरला भरते. सिन्नरला ते वर्षानुवर्षे पुरेल. त्र्यंबकला किंवा घोटीला जुलैच्या एका रात्रीत ती भरून वाहील आणि नेमकी मोठ्या पावसाची नोंद हुकेल. घाटमाथ्यावर चार किंवा दहा लिटरची बाटली घ्यावी, नाहीतर १०० चौरस सेंटिमीटरचे तोंड वापरावे. बाटली ज्या बाहेरच्या नळकांड्यात बसते ते गळके नसावे, म्हणजे बाटली भरून वाहिली तरी पाणी आतच राहते आणि दोन्हींची बेरीज करता येते.

पैसे घालायचे नसतील तर १६ सेंटिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे नरसाळे, एक कॅन आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील मोजनळी यांवरही उत्तम काम होते. जमलेल्या मिलिलिटरांना २० ने भागले की पाऊस मिलिमीटरमध्ये मिळतो. कॅन जमिनीत अर्धा पुरून ठेवावा, म्हणजे उन्हाने तापून पाण्याची वाफ होत नाही. मोबाइलवर आकडे दाखवणारी बिनतारी हवामान यंत्रे हल्ली सहज विकत मिळतात. ती वाईट नाहीत, पण त्यांच्या पर्जन्यमापकाचे तोंड पुष्कळदा लहान असते आणि बुळबुळीत हिरवे शेवाळ चढले की ती मुकाट्याने कमी पाऊस दाखवू लागतात. पहिले साधन म्हणून मी हाताने मोजायचेच सुचवीन.

स्वयंचलित केंद्रांत बहुधा झुलत्या पळीचा मापक असतो. नरसाळ्याखाली तराजूसारखी दोन खणांची पळी असते. एक खण भरला की ती कलते, पाणी सांडते, दुसरा खण नरसाळ्याखाली येतो आणि प्रत्येक कलण्याची विद्युत नोंद होते. एका कलण्याचे माप सहसा ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर असते. पाऊस किती वेळात पडला हे कळण्यासाठी असे यंत्र लागतेच, कारण साठ मिलिमीटर एका तासात पडणे आणि तेच दिवसभरात पडणे या नदीच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु मुसळधार सरीत पळी कलत असताना पडणारे पाणी हिशेबात धरले जात नाही, त्यामुळे जोराचा पाऊस हे यंत्र थोडा कमीच सांगते. शेजारी साधा मापक ठेवून दिवसाची बेरीज पडताळावी.

जागा

या कामात सर्वाधिक वेळ जागा शोधण्यात घालवावा. पावसाचा थेंब सरळ पडत नाही, तो वाऱ्याबरोबर तिरपा येतो, आणि मापकाच्या तोंडाशी वारा वर उसळला की थेंब तोंडावरून पुढे निघून जातात. जागतिक हवामान संघटनेच्या मार्गदर्शिकेनुसार वाऱ्यामुळे पावसाच्या मोजणीत साधारण २ ते १० टक्के आणि हिमाच्या मोजणीत १० ते ५० टक्के घट येते. म्हणजे उघड्या कड्यावरचा मापक खोटे बोलतो, आणि तो नेहमी कमीच सांगतो.

याच्या उलट चूक म्हणजे आडोशाची जागा. झाड, घर, पाण्याची टाकी यांपासून मापक त्यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा. चौपट मिळाले तर उत्तम. सहा मीटर उंचीच्या कौलारू शाळेपासून बारा मीटर, जमल्यास चोवीस मीटर. हे अंतर पहिल्या वर्षी पाळले जाते आणि पुढे विसरले जाते. मापकाच्या कडेला लावलेला कडुनिंब चार पावसाळ्यांत डोक्यावर येतो आणि वार्षिक आकडा हळूहळू उतरतो. कागदावर मात्र पाऊस कमी होत चालल्याचे दिसते. म्हणून दर वर्षी मे महिन्यात मापकाजवळ उभे राहून चारही दिशांची छायाचित्रे काढावीत आणि वहीत लावून ठेवावीत.

मापकाची कड जमिनीपासून सुमारे ३० सेंटिमीटर उंचीवर असावी. याहून खाली असेल तर जमिनीवर आपटलेले थेंब उडून आत जातात, आणि वर असेल तर वारा जास्त लागतो. भोवती गवत किंवा बारीक खडी असावी, फरशी किंवा काँक्रीट नसावे. कड पाण्याच्या पातळीयंत्राने सपाट करून घ्यावी. डोंगरउतारावरही ती सपाटच असली पाहिजे, उताराला समांतर नव्हे. कारण नकाशावर आपण जे क्षेत्रफळ मोजतो ते सपाट मानलेले असते आणि पाऊसही त्याच हिशेबात धरावा लागतो.

शहरात अंगण नसते आणि गच्चीच हाताशी असते. गच्चीवर वाऱ्याला इमारत आडवी येते, तो वर चढतो आणि कठड्याशी सर्वांत जोरात उसळतो, म्हणून कठड्यालगतची जागा सर्वांत वाईट. मध्यभागी ठेवावा, ‘गच्ची, तिसरा मजला’ अशी स्पष्ट नोंद करावी आणि हा आकडा जमिनीवरच्या मापकाशी एकदम तुलना करण्यासाठी वापरू नये.

घाटमाथ्यावर जागा निवडताना पठाराचे टोक टाळून वाऱ्यापासून थोडे आत, लहान झुडपांनी वेढलेले मोकळे मैदान शोधावे. ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या परिसरातील वाड्यांमध्ये अशा जागा मिळतात. बहुतेक वेळा ती जिल्हा परिषदेच्या शाळेमागची मोकळी जमीन असते. भोवती गुरे येऊ नयेत म्हणून तारेचे कुंपण घालावे, पण पत्र्याचे नको. माकडांचा बंदोबस्त मात्र कुंपणाने होत नाही. नरसाळे नळकांड्यावर फिरवून घट्ट बसणारे असेल तेवढाच त्यावर उपाय.

रोजची नोंद

वेळ सकाळी साडेआठची. हवामान खाते देशभर याच वेळी चोवीस तासांचा पाऊस मोजते, आणि आपले आकडे इतरांच्या शेजारी मांडायचे असतील तर ही वेळ बदलून चालत नाही. १५ जुलैला सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस १५ जुलैच्याच नावे लिहावा, त्यातला बहुतांश १४ तारखेला पडलेला असला तरी. इथे प्रत्येकाने आपापली रीत चालवली की दोन गावांतल्या पावसाची तुलना एका दिवसाने सरकते आणि मग पूर कुठल्या पावसाने आला हेच कळत नाही.

मोजण्याची कृती अशी. नरसाळे काढावे, त्याच्या चोचीला लोंबणारा थेंब बाटलीत झटकावा, बाटली काढून लगेच दुसरी रिकामी ठेवावी, कारण पाऊस आपल्यासाठी थांबत नाही. मोजपात्र सपाट फळीवर ठेवून पाणी ओतावे आणि डोळे पाण्याच्या पातळीला आणावेत. काचेच्या कडांना पाणी किंचित वर चढलेले दिसते. ती कड नव्हे, तर मधल्या खोलगट भागाचा तळ वाचावा. आकडा एक दशांश स्थळापर्यंत लिहावा: १२.४, ३.०. पाणी एका पात्रात मावत नसेल तर भर-भर मोजावे आणि प्रत्येक भराचा आकडा वेगळा लिहून शेवटी बेरीज करावी. मनात बेरीज करत पाणी फेकून दिले आणि मध्येच कोणी हाक मारली, की तो दिवस गेला. म्हणून वहीत लिहिल्याशिवाय पाणी फेकू नये.

पाऊस पडला नाही तर शून्य लिहावे. मोजता आले नाही तर रेघ मारावी आणि कारण लिहावे. या दोहोंतला फरक पाळणे हे चांगल्या नोंदवहीचे पहिले लक्षण आहे. रिकामी चौकट पुढे संगणकात शून्य बनते आणि एक अख्खी झड नाहीशी होते. तीन दिवस गावाला गेल्यास परतल्यावर एकत्र मोजून ‘तीन दिवसांचा मिळून’ असे लिहावे, त्याचे तीन समान भाग करू नयेत. थेंब दिसले पण मोजण्याइतके पाणी नसेल तर ‘लेशमात्र’ असा शेरा द्यावा. हिवाळ्यात रात्रीच्या दवामुळेही मापकात ओल दिसते. आकाश निरभ्र असल्याचे शेजारी लिहिले की गोंधळ होत नाही.

हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’, ६४.५ पासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस मानतात. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी: पंचनामा आणि नुकसानभरपाई यांसाठी मंडळाच्या अधिकृत केंद्राचीच नोंद ग्राह्य असते, आपल्या वहीची नाही. महसूल मंडळांत ‘महावेध’ प्रकल्पाची स्वयंचलित केंद्रे आहेत, आणि मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर पाहता येतात. आपला आकडा त्याच्याशी रोज ताडून पाहावा. फरक पडणारच, विशेषतः मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात, जेव्हा शिवाराच्या एका बांधाला चिखल होतो आणि दुसऱ्या बांधावर धूळ उडत असते.

शेरा हा रकाना मोठा ठेवावा. पाऊस केव्हा सुरू झाला, झड होती की सरी, वारा कुठून होता, ओढा वाहिला का. जुने शेतकरी पाऊस नक्षत्रावर मांडतात, मृगाचा, आर्द्राचा, हस्ताचा. वहीत नक्षत्र बदलले त्या दिवशी एक आडवी रेघ मारली तर गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोलताना ती वही फार उपयोगी पडते.

खोऱ्यात मापक कुठे कुठे असावेत

एका मापकापासून खोऱ्याकडे जायचे तर आधी पाणलोटाची सीमा नकाशावर काढावी. नाशिककरांच्या मनात इथे एक ठाम गैरसमज असतो: इगतपुरीला ढगफुटीसारखा पाऊस झाला की रामकुंडाला पूर येणार. इगतपुरी-घोटीकडचे पाणी दारणेत येते, आणि दारणा गोदावरीला मिळते ती शहराच्या पुढे, सायखेड्याच्या बाजूला. त्या पावसाचा ताण नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यावर येतो. रामकुंडाची चिंता करायची असेल तर त्र्यंबकचा पाऊस, गंगापूर, काश्यपी आणि गौतमी गोदावरी या धरणांचा साठा आणि धरणाखालच्या ओढ्यांचा पाऊस पाहावा. त्याच घाटमाथ्यावर दोन पावले पश्चिमेला पडलेले पाणी वैतरणेला किंवा पेठकडच्या नद्यांना मिळून अरबी समुद्राकडे जाते. ते आपल्या खोऱ्याचे नाही. तरीही तिथला मापक आपल्याला हवाच असतो, कारण घाटमाथ्यावर पावसाची रेघ किती चढते हे त्याशिवाय कळत नाही.

पुस्तकांत सरसकट लिहिलेले असते की उंची वाढली की पाऊस वाढतो. सह्याद्रीच्या पूर्व बाजूला हा नियम जपून वापरावा. समुद्रावरून आलेली ओली हवा पश्चिमेच्या कड्यावर चढते, थंड होते आणि तिथेच मोकळी होते. धार ओलांडल्यावर ती खाली उतरते, तापते आणि कोरडी पडत जाते. त्यामुळे इथे उंचीपेक्षा घाटाच्या धारेपासूनचे अंतर महत्त्वाचे. बागलाणातला साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे, राज्यातल्या सर्वोच्च शिखरांत त्याची गणना होते; पण त्याच्यापेक्षा कितीतरी खाली असलेल्या इगतपुरीच्या पावसाचा दबदबा वेगळाच. म्हणून आपले मापक उंचीच्या पायऱ्यांवर नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेने एका ओळीत मांडावेत. नाशिक, महिरावणी, अंजनेरी आणि त्र्यंबक ही रस्त्यावरची सोयीची ओळ आहे. तिला त्र्यंबकच्या वर, धारेलगत एक मापक जोडला की एका पावसाळ्यातच पावसाचा उतार डोळ्यांना दिसू लागतो. धारेजवळ मापक एकमेकांच्या जवळ असावेत, शहराकडे लांब असले तरी चालतात.

जिथे रोज कोणी जाऊ शकत नाही तिथे साठवण मापक ठेवावा: मोठी टाकी, अरुंद तोंड, आणि वाफ होऊ नये म्हणून पाण्यावर हलक्या तेलाचा पातळ थर. महिन्यातून एकदा जाऊन पाणी मोजायचे. रोजचा पाऊस यातून कळत नाही. पण खालच्या रोजच्या मापकाच्या प्रमाणात तो दिवसांवर वाटून घेता येतो. तेलाचे पाणी ओढ्यात ओतू नये, कॅनमध्ये भरून खाली आणावे.

सरासरी काढताना

समजा तीनशे चौरस किलोमीटरच्या एका काल्पनिक खोऱ्यात तीन मापक आहेत. माथ्यावर १८० मिलिमीटर, मध्यात ७० आणि खाली २० असा एका दिवसाचा पाऊस झाला. सरळ सरासरी ९० मिलिमीटर येते. पण माथ्याचा मापक जेमतेम ४० चौरस किलोमीटरचे प्रतिनिधित्व करतो, मधला ११० आणि खालचा १५०. प्रत्येक पावसाला त्याच्या क्षेत्राने गुणून बेरीज केली आणि तीनशेने भागले, तर उत्तर येते सुमारे ६० मिलिमीटर. एकाच दिवसाच्या, एकाच खोऱ्याच्या पावसात तीस मिलिमीटरचा फरक केवळ हिशेबाच्या पद्धतीने पडला.

क्षेत्र वाटून देण्याच्या या पद्धतीला थिसेनची बहुभुज पद्धत म्हणतात. ती १९११ साली मांडली गेली. नकाशावर शेजारच्या मापकांना रेषांनी जोडावे, प्रत्येक रेषेच्या मध्यबिंदूतून लंब काढावा आणि हे लंब एकमेकांना छेदून जे तुकडे पडतील ते त्या त्या मापकाचे क्षेत्र मानावे. मुक्त नकाशा-प्रणालींमध्ये हे काम क्षणात होते, तरी एकदा तरी आलेखकागदावर हाताने करून पाहावे. चौकोन मोजता मोजता कुठला मापक किती मोठ्या मुलखाबद्दल बोलतो आहे हे मनात ठसते.

डोंगराळ भागात मात्र थिसेनचा दोष उघडा पडतो, कारण त्याला डोंगर दिसत नाही. धारेच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग तो अंतरावरून एकाच मापकाला देऊन टाकतो. म्हणून समपर्जन्य रेषा काढणे अधिक योग्य. समान पावसाची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषा काढताना धारेची दिशा, खिंडी, वाऱ्याची वाट यांचा विचार रेषा काढणाऱ्याला करता येतो. हे काम संगणकापेक्षा खोरे पायी हिंडलेला माणूस चांगले करतो, असे माझे मत आहे.

आता पाण्याचा हिशेब. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर म्हणजे १,००० घनमीटर. तीनशे चौरस किलोमीटरवर ६० मिलिमीटर म्हणजे १८ दशलक्ष घनमीटर, म्हणजेच १८ दलघमी किंवा सुमारे ६३५ दलघफू (दशलक्ष घनफूट). सरळ सरासरी धरली असती तर २७ दलघमी आले असते. वर्तमानपत्रात विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट अशा मापात येतो. १,००० क्युसेकचा विसर्ग अखंड दिवसभर चालला तर ८६.४ दलघफू पाणी जाते, एवढे लक्षात असले की दोन्ही बाजू जुळवता येतात. अर्थात पडलेले सगळे पाणी नदीत येत नाही. जूनमधली तहानलेली जमीन पहिले पाऊस पिऊन टाकते, तर ऑगस्टमध्ये तुडुंब झालेली तीच जमीन बहुतेक पाणी सोडून देते. रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावर शहर पुराचा अंदाज बांधते. वर किती पडले आणि मारुतीपाशी किती वेळाने किती चढले हे दोन-तीन पावसाळे एका वहीत शेजारी-शेजारी लिहिले, तर तो अंदाज बराच पक्का होतो.

गारा आणि हिम

नाशिक जिल्ह्यात हिमवृष्टी होत नाही. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा दोन-तीन अंशांवर उतरतो आणि पिकांवर दवाचे बर्फ दिसते, पण ते आकाशातून पडलेले नसते, तेव्हा ते पावसाच्या रकान्यात लिहू नये. गारपीट मात्र खरी, आणि द्राक्षबागायतदारांना २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विसरता येणार नाही. गारा नरसाळ्यातून उसळून बाहेर जातात, म्हणून मापकाचा आकडा कमी येतो. नरसाळ्यात अडकलेल्या गारा वितळू द्याव्यात आणि ते पाणी मोजावे. शिवाय सर्वांत मोठ्या पाच-सहा गारांचा व्यास पट्टीने मोजून वेळेसह लिहावा.

हिमालयात गेल्यावर मोजणीची भाषाच बदलते. तिथे किती सेंटिमीटर हिम साठले यापेक्षा त्यात किती पाणी आहे हे महत्त्वाचे, कारण चंद्रा-भागा किंवा सतलजच्या खोऱ्यातून उन्हाळ्यात खाली येते ते हेच पाणी. ताजे भुसभुशीत हिम दहा सेंटिमीटर असेल तर ढोबळमानाने एक सेंटिमीटर पाणी मिळते, पण हे प्रमाण थंडी आणि वाऱ्याप्रमाणे बरेच बदलते, आणि जुने दबलेले हिम तिप्पट-चौपट जड असू शकते. म्हणून नुसती उंची मोजून पाणी सांगू नये.

नव्या हिमासाठी पांढरा रंग दिलेली साधारण चाळीस सेंटिमीटरची चौकोनी फळी जमिनीवर सपाट ठेवतात. ठरल्या वेळी तिच्यावरील हिमाची उंची तीन-चार ठिकाणी मोजून फळी साफ करतात आणि नव्या पृष्ठभागावर परत ठेवतात. पाणी मोजण्यासाठी धारदार कडेची नळी सरळ खाली दाबून हिमाचा गाभा काढावा आणि त्याचे वजन करावे. नळीचे तोंड ५० चौरस सेंटिमीटर असेल आणि गाभ्याचे वजन ३०० ग्रॅम भरले, तर पाणी सहा सेंटिमीटर, म्हणजे ६० मिलिमीटर. तिथे हिमाची उंची २५ सेंटिमीटर असेल, तर घनता पाण्याच्या सुमारे चोवीस टक्के झाली. एका जागी समाधान मानू नये; वारा हिम उडवून खोलगटात रचतो, म्हणून एका ठरलेल्या रेषेवर दहा तरी ठिकाणी उंची आणि त्यांतल्या काही ठिकाणी वजन घ्यावे, आणि दर वर्षी त्याच रेषेवर जावे. हिमस्खलनाच्या उतारावर ही रेषा कधीही आखू नये.

मापकात हिम पकडायचे असेल तर नरसाळे आणि बाटली काढून फक्त नळकांडे ठेवतात, कारण नरसाळे हिमाने तुंबते. जमलेले हिम झाकून आत नेऊन वितळवावे. घाई असेल तर मोजलेले कोमट पाणी घालून नंतर तेवढे वजा करावे. वाऱ्याची घट कमी करण्यासाठी भोवती झडपांचे कडे लावतात. तुलनेसाठी प्रमाण मानल्या जाणाऱ्या हिममापकाभोवती तर दुहेरी अष्टकोनी लाकडी कुंपण असते. स्पीतीसारखी खोरी डोंगररांगांच्या मागे पडतात आणि एवढ्या उंचीवर असूनही कोरडी राहतात. सिन्नरचा माणूस ही गोष्ट चटकन समजून घेतो.

पडताळणी

उपग्रहाचे पावसाचे नकाशे आता कोणालाही पाहता येतात आणि ते खोऱ्याचे एकूण चित्र म्हणून पाहावेत. पण त्यांचा एक चौकोन सुमारे दहा किलोमीटरचा असतो, म्हणजे अंजनेरी आणि त्र्यंबक त्याला एकच वाटू शकतात. शिवाय घाटमाथ्यावरचा पाऊस पुष्कळदा फार उंच नसलेल्या ढगांतून पडतो, आणि वरून पाहणाऱ्या साधनांना तो कमी दिसतो. दूरच्या रडारचा किरणही अंतराबरोबर उंच जात असल्याने अशा ठेंगण्या ढगांच्या वरून निघून जातो. जमिनीवरचा मापक हाच शेवटी त्यांची तपासणी करतो.

आपल्या मापकाची तपासणी शेजाऱ्यांकडून होते. आसपासच्या चार-पाच केंद्रांची सरासरी घेऊन तिची वर्षानुवर्षांची वाढती बेरीज आडव्या अक्षावर आणि आपल्या केंद्राची तशीच बेरीज उभ्या अक्षावर मांडावी. सगळे ठीक असेल तर ठिपके जवळपास एका सरळ रेषेत पडतात. रेषा कुठे मोडली तर त्या वर्षाची वही उघडावी: मापक हलवला होता, झाड वाढले होते, नरसाळ्याला चीर गेली होती, की मोजणारा बदलला होता. मेमधली छायाचित्रे इथे उपयोगी पडतात.

आणि मापक हलवणे भागच पडले, तर जुना लगेच काढू नये. नवा मापक नव्या जागी बसवून दोन्ही किमान एक पूर्ण पावसाळा एकाच वेळी वाचावेत, दोघांचे गुणोत्तर काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे, आणि मगच जुनी जागा सोडावी.